रक्ताचा वारसा की भांड्यांचा? महाराष्ट्रातील बालयकृतविकाराचा एक इतिहास

बीजशब्द : बालयकृतविकार, आनुवंशिकता, पित्त, तांबे, पितळी भांडी, कल्हई, मराठवाडा

प्रस्तावना

इतिहासलेखनात रोगाचा विचार होतो तो बहुधा साथींच्या निमित्ताने. १८९६ सालचा मुंबईचा प्लेग किंवा १९१८ सालचा इन्फ्लुएन्झा यांना इतिहासग्रंथांत स्थान मिळाले, कारण त्यांनी एकाच वेळी हजारो माणसे नेली आणि सरकारदरबारी कागदपत्रांचे ढीग निर्माण केले. ज्या रोगाने दर दोन-चार वर्षांनी एखाद्या घरातले एखादे लहान मूल नेले, त्या रोगाचा कागद तयार झाला नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात गावपातळीवरच्या मृत्युनोंदी ताप, पटकी, देवी, हगवण, श्वसनविकार, अपघात आणि 'इतर' अशा ठोकळ रकान्यांत केल्या जात. पोट फुगून, कावीळ होऊन गेलेले दीड वर्षाचे मूल त्यांपैकी कोणत्या रकान्यात पडले असेल, हे आज सांगता येत नाही.

प्रस्तुत लेखात अशाच एका रोगाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. वैद्यकीय ग्रंथांत तो 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस' या नावाने ओळखला जातो. मराठीत त्याला भारतीय बालयकृत-सूत्रण म्हणता येईल. सूत्रण म्हणजे यकृताच्या मऊ ऊतीची जागा तंतुमय, कठीण ऊतीने घेणे. हा रोग सख्ख्या भावंडांत वारंवार दिसे, म्हणून अनेक वर्षे तो आनुवंशिक समजला गेला. पुण्यात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेल्या संशोधनाने त्याचा माग स्वयंपाकघरातील पितळी भांड्यापर्यंत नेला. घराण्यातून काहीतरी पुढे येत होते, हे जुन्या वैद्यांचे निरीक्षण बरोबरच होते. मात्र जे पुढे येत होते ते रक्तातून की रुखवतातून, हा भेद वंशावळीच्या कागदावर दिसू शकत नव्हता. या भेदाचा इतिहास हाच या लेखाचा विषय आहे.

विषयाकडे वळण्याचे कारण घरगुती आहे, ते येथेच नमूद करणे योग्य. प्रस्तुत लेखकाच्या आजीची दोन मुले दोन वर्षांची होण्याआधी गेली. दोघांचेही पोट वाढले होते, दोघेही शेवटी पिवळे पडले होते, एवढेच घरात सांगितले जाई. त्यानंतर 'त्यांच्या वंशातच आहे' हे वाक्य आजीच्या माहेराबद्दल बोलले गेले, आणि तिच्या धाकट्या बहिणीचे लग्न जमायला त्यामुळे वेळ लागला. ही मुले कोणत्या रोगाने गेली याचा निवाडा आज कोणीही करू शकत नाही आणि येथेही तो करावयाचा नाही. परंतु एका वैद्यकीय समजुतीचे सामाजिक मोल काय असते, हे या एका वाक्यातून कळते.

पित्ताचा मार्ग

बोलीभाषेत 'पित्त झाले' म्हणजे घशाशी आंबट येणे. येथे अभिप्रेत असलेले पित्त वेगळे आहे. यकृतातील पेशी कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करतात. ती सूक्ष्म नलिकांतून आतड्यात उतरतात आणि स्निग्ध पदार्थांचे पचन घडवतात. पित्ताचे आणखी एक काम आहे. शरीराला नको असलेल्या काही द्रव्यांना बाहेर पडण्याची ती वाट आहे. तांबे हे त्यांपैकी प्रमुख होय. लघवीवाटे तांबे अत्यल्प जाते. जास्तीचे तांबे पित्तातूनच जावे लागते. ही वाट अडली की तांबे यकृतात साठते.

वाट जन्मतःच अडलेली असू शकते. काही बालकांत पित्ताम्ल घडवणारे एखादे विकर नसते. अशा विकाराचे पहिले उदाहरण १९८७ मध्ये वर्णिले गेले. काहींत पित्ताम्ले तयार होतात, पण ती पेशीबाहेर ढकलणारी यंत्रणा सदोष असते. अमेरिकेतील आमिश पंथाच्या बायलर नावाच्या पूर्वजापासून उतरलेल्या कुटुंबांत असा रोग १९६९ मध्ये नोंदला गेला आणि 'बायलरचा रोग' हे नाव त्याला मिळाले. त्याच्याशी व त्यासारख्याच दुसऱ्या प्रकाराशी संबंधित जनुके १९९८ मध्ये सापडली. विल्सनचा रोग आणखी वेगळा. १९१२ मध्ये वर्णिलेल्या या रोगात तांबे पित्तात सोडणारे प्रथिनच बिघडलेले असते. त्याचे जनुक १९९३ मध्ये कळले. या सर्व रोगांत आईवडील निरोगी असतात, दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच मूल आजारी पडते, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला चारांत एक इतका धोका असतो. आईवडील एकमेकांच्या नात्यातले असतील तर दोघांकडे तेच जनुक असण्याची शक्यता वाढते.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, डॉक्टरांच्या पुढे सुजलेल्या यकृताचे मूल येई, त्याच्या आधीचे भावंड तसेच गेलेले असे, आणि आईवडील आतेमामेभावंडे असत, तेव्हा आनुवंशिकतेचा तर्क मुळीच अडाणीपणाचा नव्हता. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेव्यवस्थेवरील ग्रंथात महाराष्ट्रातील मामेबहिणीशी विवाहाच्या रूढीचे विवेचन केले आहे. मराठवाड्यात तर आंध्र-कर्नाटकाच्या सान्निध्याने मामा-भाचीचे विवाहही परके नाहीत. अशा समाजात 'नात्यातले लग्न' हे कारण हाताशी तयारच होते.

'इन्फंटाइल लिव्हर' ते आनुवंशिक रोग

या रोगाचे पहिले वैद्यकीय वर्णन १८८७ मध्ये कलकत्त्याच्या सेन यांनी 'इन्फंटाइल लिव्हर' या नावाने केले, असे मानले जाते. नंतर काही वर्षांतच गिबन्स यांनी त्याला पित्ताशी जोडणारे 'इन्फंटाइल बिलिअरी सिऱ्होसिस' हे नाव दिले. ते नाव विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकले. स्वातंत्र्यानंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने यकृतरोगांसाठी उपसमिती नेमली आणि तिचा अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे नावातला पित्ताचा उल्लेख गळाला आणि 'भारतीय' हा शब्द आला. रोग मुख्यतः याच उपखंडात दिसतो, एवढाच त्याचा अर्थ होता. तरीही देशाचे नाव रोगाला चिकटले की कारण त्या देशाच्या माणसांतच शोधण्याकडे कल होतो, हेही खरे.

रोगाचे चित्र ठरावीक होते. सहा महिने ते तीन वर्षे वयाचे, बहुधा बाळसेदार मूल. आधी किरकिर, भूक मंदावणे, पोट मोठे दिसणे. हाताला लागणारे यकृत टणक आणि त्याची कड धारदार. मग पोटात पाणी, कावीळ, आणि बहुतेकांचा काही महिन्यांत मृत्यू. मुलींपेक्षा मुलगे काहीसे अधिक. शहरी वस्तीपेक्षा ग्रामीण भागातील, खाऊनपिऊन सुखी, दुभते असलेल्या हिंदू घरांत अधिक; मुस्लीम व ख्रिस्ती घरांत क्वचित. परदेशी स्थायिक झालेल्या भारतीयांत तो जवळजवळ आढळत नसे.

शेवटच्या दोन निरीक्षणांकडे आज पाहिले की नवल वाटते. रोग धर्मानुसार आणि स्थलांतरानुसार बदलतो म्हणजे तो राहणीशी निगडित असावा, ही खूण स्पष्ट होती. परंतु 'हिंदू घरांत अधिक' याचाही अर्थ जातिअंतर्गत विवाह असा लावता येत होता आणि तसा तो लावला गेला. एकाच पुराव्याची दोन विरुद्ध वाचने होऊ शकतात, हे इतिहासाच्या अभ्यासकाला नवीन नाही.

कारणांची यादी लांबत गेली. कुपोषण, विषाणू, औषधी वनस्पतींतील विष, भुईमुगातील बुरशीचे विष अशी अनेक अनुमाने मांडली गेली. यांपैकी बुरशीचे अनुमान पोकळ नव्हते. म्हैसूरकडील संशोधकांनी १९७१ मध्ये अफ्लाटॉक्सिनने दूषित शेंगदाण्याचे पीठ खाल्लेल्या बालकांत यकृत-सूत्रण झाल्याचे नोंदले होते. वंशावळींचे अभ्यासही झाले. त्यांत भावंडांमधील रोग ठळकपणे दिसे. पण चारांत एक हे गणित स्वच्छ बसत नसे. मग 'बहुघटकी आनुवंशिकता' हा सोयीचा शब्द वापरला जाई.

नांदेडकडील परिस्थिती निराळी होती. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात व १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. मराठवाड्यातील पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये औरंगाबादला आले. अंबाजोगाईचे महाविद्यालय १९७० च्या दशकात व नांदेडचे १९८८ मध्ये सुरू झाले. नायगाव, नरसी, देगलूर ही गावे हैदराबादच्या रस्त्यावर असल्याने ज्याला परवडे तो मुलाला हैदराबादला नेई. बाकीच्यांना वैद्य, हकीम आणि देवदेवस्की. त्यामुळे ज्या काळात रोग जोरात होता त्या काळातले या भागाचे वैद्यकीय दप्तर विरळ आहे, आणि पुढील विवेचन प्रामुख्याने पुण्याकडे वळते ते यामुळेच.

पुणे, लंडन आणि एक रंगद्रव्य

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे हे बालरोगतज्ज्ञ अशी मुले पाहत होते. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधील यकृततज्ज्ञांशी त्यांचे सहकार्य जुळले आणि डॉ. स्टुअर्ट टॅनर हे या कामातील इंग्लंडकडचे प्रमुख अभ्यासक ठरले. ऑर्सीन नावाच्या रंगद्रव्याने यकृताचे पातळ काप रंगवले असता या मुलांच्या पेशींत गडद कण दिसत. १९७८ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात ही नोंद आली. हे कण तांबे धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचे होते. १९७९ मध्ये त्याच नियतकालिकात प्रत्यक्ष मोजमाप प्रसिद्ध झाले. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम शुष्क वजनात तांबे साधारणतः ५० मायक्रोग्रॅमच्या आत असते. या मुलांत ते ८०० च्या पुढे, कधी हजारोंत होते. त्याच वर्षी पॉपर, नायक आदींच्या दुसऱ्या गटानेही पेशीतील तांब्याच्या विषारी परिणामांवर लेख लिहिला.

आता प्रश्न उभा राहिला तो असा. तांबे हे कारण की परिणाम? वर पाहिल्याप्रमाणे पित्ताची वाट अडली की तांबे आपोआप साठते. जन्मजात पित्तविकारांत ऑर्सीनने रंगणारे कण दिसतातच. तेव्हा या मुलांतही आधी काही आनुवंशिक पित्तदोष असून तांबे मागाहून साठले असेल, ही शंका रास्त होती. टॅनर व त्यांच्या सहकाऱ्यांचे उत्तर असे की, या रोगाच्या आरंभीच्या अवस्थेत पित्त तुंबल्याची चिन्हे नसतानाही तांबे विलक्षण वाढलेले असते, आणि तांब्याची पातळी केवळ पित्त तुंबलेल्या मुलांपेक्षा पुष्कळ अधिक असते. विल्सनचा रोगही हा नव्हे. त्यात इतक्या कोवळ्या वयात मूल दगावत नाही.

मग एवढे तांबे आले कोठून? संशोधकांनी सूक्ष्मदर्शकावरून नजर उचलून मुलांच्या घरांकडे पाहिले, हे या कथेतील सर्वांत महत्त्वाचे पाऊल म्हणावे लागेल. आयांना विचारण्यात आले की बाळाला वरचे दूध केव्हा सुरू केले, कोणत्या भांड्यात तापवले, कोणत्या भांड्यात ठेवले. १९८३ चा लेख आणि १९८७ मधील रोगी मुले व त्यांच्या जोडीची निरोगी मुले यांची तुलना यांतून एक चित्र पुढे आले. रोगी मुलांना वरचे दूध लवकर सुरू झालेले असे आणि ते कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात तापवून त्यातच ठेवलेले असे.

कळक

येथे वैद्यकापेक्षा भाषेकडे वळणे उपयुक्त ठरेल. मराठीत 'कळकणे' असे एक क्रियापद आहे. दही, ताक, चिंचेचे सार यांसारखा आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात राहिला की त्याला जी उग्र, तुरट चव येते तिला कळक म्हणतात. म्हणजे धातू अन्नात उतरतो हे ज्ञान आपल्या समाजात होते, इतके रुळलेले की त्याला स्वतंत्र शब्द होता. त्यावर उपायही होता. कल्हईवाला गावोगाव फिरे. खड्ड्यात कोळसे पेटवून, भात्याने फुंकून, भांडे लालसर तापवून, नवसागराची चिमूट टाकून कथलाचा चकचकीत लेप कापसाच्या बोळ्याने फिरवी. नवसागराच्या त्या धुराचा वास ज्यांच्या लहानपणात आहे त्यांना अधिक सांगण्याची गरज नाही.

परंतु या ज्ञानाला एक खिंडार होते. कळक ही चवीवरून ओळखली जाई आणि आंबटापुरतीच मानली जाई. दूध आंबट नाही. पितळेत तापवलेले दूध नासत नाही, त्याची चवही सहज बिघडत नाही. म्हणून घरोघरी असा विभाग पडला होता की आमटी, कढी कल्हईच्या भांड्यात आणि ताक मातीच्या किंवा दगडी भांड्यात. दुधाला मात्र कल्हईची निकड कोणी मानली नाही. कल्हईला पैसे लागत, ती घासून घासून जाई, आणि ज्या भांड्याला तिची गरज नाही असे वाटे त्याचा क्रम शेवटी लागे. ओ'नील व टॅनर यांनी १९८९ मध्ये प्रयोगाने दाखवले की दूध पितळेतून तांबे उत्सुकतेने उचलते आणि दुधातील केसीन हे प्रथिन ते घट्ट धरून ठेवते. पाण्याचे तसे नाही. ज्या पदार्थाला भाषेने निर्दोष ठरवले होते तोच तांब्याचा वाहक होता.

'वरचे दूध' हा शब्दही बोलका आहे. अंगावरच्या दुधाखेरीजचे ते वरचे. दुभते असलेल्या घरात बाळाला म्हशीचे किंवा गाईचे दूध लवकर देणे हे लाडाचे लक्षण होते, आणि मुलगा असेल तर विशेषच. ज्या मजूर घरात दूधच नव्हते, किंवा जेथे मातीची नाहीतर जर्मनची भांडी होती, तेथे हा रोग फिरकण्याचे कारण नव्हते. गरिबीचे अनेक रोग आपण जाणतो. हा मात्र बेताच्या सुबत्तेचा, कौतुकाचा रोग होता. मूल रोडावले की 'आईचे दूध बाधले' असे म्हणून अंगावरचे तोडले जाई आणि वरचे वाढवले जाई. तसे घडले असेल तेथे उपचारानेच तांब्याची मात्रा वाढली असणार. त्यात आईवर दुहेरी दोष येई : आधी तिच्या दुधाचा, आणि मूल गेल्यावर तिच्या कुळाचा.

आता भावंडांचा उलगडा होतो. सख्खी भावंडे एका जनुकसाठ्यातून येतात, तशीच एका चुलीवरच्या एका पातेल्यातून पितात. चुलत भावंडांची कथा तीच, कारण एकत्र कुटुंबात दुधाचे भांडे एकच. नात्यातल्या लग्नात तर दोन्ही घरांची रीत आणि भांड्यांचा प्रकारही एकच असण्याचा संभव. वंशावळीचा तक्ता काढणाऱ्याने माणसे जोडली. भांडी त्या तक्त्यात कोठे मांडायची याची सोयच नव्हती.

उतार

पेनिसिलामीन हे तांबे शरीराबाहेर काढणारे औषध विल्सनच्या रोगात १९५६ पासून माहीत होते. पुण्याच्या गटाने ते या मुलांना देऊन पाहिले आणि १९८७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कावीळ व जलोदर होण्याआधी उपचार झाला तर काही मुले वाचत. उशीर झालेल्यांत फारसा उपयोग नसे. वाचलेल्यांपैकी अनेक मुले पुढे वर्षानुवर्षे निरोगी राहिल्याचा अहवाल १९९६ मध्ये आला. या मुलांना औषध जन्मभर घ्यावे लागले नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. विल्सनच्या रोगात ते जन्मभर लागते, कारण तेथे दोष पेशीतच असतो.

औषधापेक्षा मोठे काम भांडे बदलण्याने झाले. रोगी मुलाच्या घरी पुढच्या बाळासाठी पितळ वापरू नका, एवढा सल्ला दिला गेला. प्रतिबंधाचा हा अनुभव १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास बाजारात आणखी एक बदल घडत होता, ज्यात डॉक्टरांचा हात नव्हता. स्टेनलेस स्टीलची भांडी खेड्यात पोहोचली होती. ती कल्हई मागत नव्हती, घासायला सोपी होती आणि रुखवतात शोभत होती. मराठवाड्यात यात १९७२ च्या दुष्काळाचाही वाटा असावा, असे घरातील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यावरून वाटते. त्या वर्षी अनेकांनी पितळ मोडीत घातले. सुगी आल्यावर पुन्हा भांडी घेतली ती पितळेची घेतली नाहीत. विसाव्या शतकाच्या अखेरीस हा रोग दुर्मीळ झाला. कल्हईवाले त्याच्या आगेमागे दिसेनासे झाले.

हीच कथा युरोपातही घडली होती. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतातील काही खेड्यांत १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके याच प्रकारच्या यकृतरोगाने गेल्याचे थॉमस म्युलर व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवले. तेथे तर वंशावळी आनुवंशिकतेच्या गणितात नीट बसत होत्या. तरीही कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत दूध तापवण्याची रीत गेली आणि रोगही गेला. म्युलर यांनी मधला मार्ग स्वीकारला : एखादे जनुक मुलाला दुबळे करते आणि भांडे घाव घालते. याउलट कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातील ओजिब्वे-क्री आदिवासींत १९८१ मध्ये नोंदला गेलेला 'नॉर्थ अमेरिकन इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस' हा नावाने आपल्या रोगाचा सख्खा भाऊ वाटतो. पण तो पित्त तुंबण्याचा खरोखरच आनुवंशिक रोग आहे आणि त्याचे जनुक २००२ मध्ये सापडले. 'इंडियन' या शब्दाने वाचकांची किती फसगत केली असेल, कोण जाणे.

आक्षेप

हे सर्व निर्विवाद आहे असे मात्र नाही. न. च. नायक व चितळे या विकृतिशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या नियतकालिकात तांब्याच्या भांड्यांच्या उपपत्तीवर गंभीर शंका घेतल्या. भांड्यांचा वापर आणि रोग यांची सांगड सर्वत्र सारखी लागत नाही, यकृताला घातक असे दुसरे एखादे द्रव्य मुळाशी असू शकते, असा त्यांच्या मांडणीचा रोख आहे. हा आक्षेप बाजूला सारता येणार नाही. पितळेत तापवलेले दूध महाराष्ट्रातील असंख्य मुलांनी प्यायले आणि त्यांतील थोडीच आजारी पडली, ही गोष्टही आक्षेपकांच्या बाजूने बोलते. शिवाय पितळ गेले त्याच दोन दशकांत लसीकरण, आहार, वैद्यकीय सोयी असे बरेच काही बदलले. एकाच वेळी अनेक गोष्टी बदलतात तेव्हा एकीलाच श्रेय देणे ही इतिहासातील नेहमीची चूक आहे.

तरीही प्रस्तुत लेखकाला पुण्याच्या संशोधनाचे पारडे जड वाटते, ते दोन कारणांनी. आरंभीच्या अवस्थेतच साठलेले तांबे आणि ते काढून टाकल्यावर औषधाशिवाय टिकलेले आरोग्य या दोहोंचा मेळ बाह्य तांब्याशीच बसतो. दुसरे कारण टिरोलचे. भाषा, धर्म, विवाहपद्धती यांपैकी काहीच समान नसलेल्या दोन समाजांत रोग समान आणि दुधाची रीत समान, हा योगायोग फार मोठा ठरेल. जनुकाचा काही वाटा असेलही. परंतु ते जनुक आजही समाजात असणार आणि रोग मात्र नाही.

अलीकडे तांब्या-पितळेची भांडी आरोग्याच्या नावाने परत येत आहेत. तांब्याच्या भांड्यातील पाणी आणि तान्ह्या बाळाचे पितळेत तापवलेले दूध या दोन गोष्टींत केसीनएवढे अंतर आहे, हे जाहिरातींत सांगितले जात नाही.

भांड्यांवरची अक्षरे

इतिहासाच्या साधनांत ताम्रपट आणि नाणी येतात. स्वयंपाकघरातील भांडी सहसा येत नाहीत. वास्तविक महाराष्ट्रातील पितळी भांडे हे बऱ्याचदा तारखेसह मिळणारे साधन आहे. भांड्यावर 'नाव घालण्याची' रीत होती. कासाराच्या दुकानात टोचणीने ठिपक्याठिपक्यांची अक्षरे उमटवली जात : देणाऱ्याचे नाव, कधी गावाचे, कधी लग्नाचे साल. ही अक्षरे क्रमाने वाचली तर एखादे भांडे कोणत्या माहेरातून कोणत्या सासरी गेले, सासूकडून कोणत्या सुनेकडे आले, हे कळू शकते. बालयकृतविकाराच्या वंशावळी ज्यांनी तयार केल्या त्यांना ही दुसरी वंशावळ फडताळात उपलब्ध होती.

नायगावच्या आमच्या घरी माळ्यावर एक चरवी आहे. दुष्काळात ती मोडीत गेली नाही, कारण ती आजीच्या आईने दिलेली होती. तिच्या गळ्याशी दोन नावे आहेत. पहिले आजीच्या आईचे, दुसरे आजीचे, आणि दुसऱ्या नावाखाली ठिपक्यांत शके १८६४ असे साल. बाहेरून ती काळवंडली आहे. आत हात घालून पाहिले, तर कल्हईचा मागमूस तळाशी नाही, कडेलाही नाही.